कच्छच्या घळीत सहा साड्या

प्रवासाची यादी मी नेहमी शेवटाकडून करते. म्हणजे आधी लिहायचं ते परत आल्यावर दारात लागणारं: कुलपाची किल्ली, रिक्षासाठी सुट्टे पैसे, पहिल्या चहाची साखर. मग परतीच्या गाडीतलं, मग मुक्कामातलं, आणि सर्वांत शेवटी निघायच्या दिवशीचं. अशी उलटी यादी केली की काही सुटत नाही. घरचे हसतात, पण छत्री विसरून मला फोन करणारे तेच असतात.

कच्छच्या यादीतही काही सुटलं नव्हतं. दोरी होती. चांगली जाड, सुती, विहिरीवर वापरतात तसली. ऐन वेळी ती आमच्याजवळ का नव्हती, हे पुढे येईलच.

प्लेगच्या वर्षानंतर सुरत घासूनपुसून स्वच्छ झाली आणि आम्हा चौघींना सकाळी फिरायची चटक लागली. त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली ही गोष्ट. नावं लिहीत नाही, तिघींनी तशी अट घातली आहे. एक मास्तरीण, मी ज्या मराठी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते तिथलीच; आवाज असा की मैदानापलीकडची मुलं गप्प होत. दुसरी लूमवाली. गोडादऱ्यात नवरा-बायकोंचे मिळून थोडे पावरलूम होते. माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, त्यामुळे राग आला किंवा लाड आला की ती अहिराणीत शिरायची. आणि तिसरी आमच्याच सोसायटीतली, माझ्या डोक्यावर राहणारी बँकवाली.

प्रवास तिच्यासाठी ठरला. बँकेत इतकी वर्षं कॅशमध्ये काढल्यावर तिला ऑफिसरची बढती मिळाली होती, पण नेमणूक कच्छमधल्या एका तालुक्याच्या गावी. दोन-तीन वर्षं तिथे काढावी लागणार. नाही म्हटलं तर बढती गेली, आणि पुन्हा केव्हा विचारतील याचा भरवसा नाही. रजेवरून परतल्यावर सोमवारी हो किंवा नाही लिहून द्यायचं होतं. मुलगा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, सासूबाई अमळनेरला थोरल्या दिरांकडे. म्हणजे अडकवणारं घरात कुणी नव्हतं. नवरा सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब बघायचा. सज्जन माणूस. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "तुझी इच्छा." लग्नाला वीस वर्षं झालेल्या कुठल्याही बाईला या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही.

पण खरी अडचण नवरा नव्हता. खरी अडचण ही होती की ही बाई आयुष्यात एक रात्रही एकटी राहिलेली नव्हती. माहेरी भावंडांचं लेंढार, सासरी दिरांचं. बँकेत नवरा स्कूटरवर सोडायचा, स्कूटरवर आणायचा. खोटी नोट डोळे मिटून बोटांनी ओळखायची, पण रिंग रोड ओलांडायचा तर माझा दंड धरायची. "कुणीतरी बरोबर हवं गं," हे तिचं पालुपद.

"घेऊन टाक," मास्तरीण म्हणाली. "मला कुणी हेडमास्तरीण करत असेल तर मी चंद्रावर जाईन."

"नवरा सोडीसन कथी जास वं?" लूमवालीने विचारलं. नवऱ्याला सोडून कुठे निघालीस, असं. आणि लगेच पुढे, "गेलीस तर मला तिकडचं बाजारपेठेचं सांग. कच्छी बायका कुठल्या रंगाच्या साड्या घेतात?"

मी फायदे-तोटे लिहून पाहिले. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. मग मी म्हटलं, "जागा न बघता भाड्याचं घरसुद्धा घेत नाही आपण. चला, बघून येऊ." बँकेत तिच्या शेजारी बसणारा मूळचा कच्छी होता. त्याने सांगितलं होतं की त्या गावापासून थोड्या अंतरावर नदीने खडक कापून रंगीत घळी केल्या आहेत, मध्ये खोल डोह आहेत, आणि तिथे कुणी फिरकत नाही. मास्तरणीला एवढं पुरलं. भूगोलाची शिक्षिका आणि आयुष्यात एक घळ पाहिलेली नाही, असं ती तावातावाने म्हणाली, जणू घळ न दाखवल्याचा गुन्हा आमचा होता.

दिवाळीत सुरत बंद होते. बाजार बंद, लूम बंद, कारागीर गावाला. लूमवाली वर्षातून तेव्हाच मोकळी असते. मास्तरीण आणि मी शाळेच्या सुट्टीत, बँकवालीने रजा टाकली. भाऊबीज उरकली, भावांना ओवाळलं, नवऱ्यांना चिवडा-लाडवांचे डबे दाखवले आणि आम्ही निघालो.

गाडीत आमच्याकडे बघून समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "लग्नाला निघालात का?" सामान तसंच होतं. सुरतेचा माणूस घराबाहेर पडतो तो उपाशी मरण्याच्या भीतीने. चकल्या, लाडू, शंकरपाळे, घारी, दोन प्रकारचे चिवडे, कारण मास्तरीण माझा खात नाही आणि मी तिचा. शिवाय लूमवालीचं गाठोडं. त्यात साड्या. तिच्या लूमवर विणलेलं कोरं कापड कडोदऱ्याच्या मिलमध्ये छापून, रंगून आलेलं. चकचकीत, हलक्या, धुतल्या की फटकन वाळणाऱ्या.

"या कशाला?" मी विचारलं. माझ्या यादीत साड्या नव्हत्या.

"भूजला विकीन. रिकाम्या हाताने कशाला जायचं एवढ्या लांब?"

गांधीधामच्या बसस्टँडवर त्या गाठोड्याची सुतळी तुटली आणि साड्या फलाटभर झाल्या. बस सुटायच्या बेतात. मी पिशवीतून माझी दोरी काढली, आम्ही गाठोडं करकचून आवळलं आणि धावत बस पकडली. मला फार अभिमान वाटला. दोरी कशाला, म्हणून मास्तरीण सुरतेपासून चिडवत होती.

भूजला आम्ही एका जुन्या धर्मशाळेत उतरलो. मधे चौक, चौकात कबुतरं, आणि खोल्यांची दारं इतकी बुटकी की प्रत्येकीने एकदा तरी कपाळ आपटलं. नंतर भूकंपात ती गेली, म्हणून तिचा उल्लेख करून ठेवते. पहिल्या रात्री लूमवालीला झोप लागेना.

"काय होतंय?" मी विचारलं.

"आवाजच नाही गं कसला. कान दुखायला लागले."

तिच्या घराच्या भिंतीपलीकडे रात्रंदिवस लूम खडखडायचे. तिला शांततेची सवय नव्हती. बँकवालीही जागी होती. ती ऐकत होती हे मला कळलं.

सकाळी बाजारात एका दुकानदाराने लूमवालीच्या साड्या हातोहात घेतल्या. सहा सोडून. त्या सहांवरची मोठी केशरी फुलं त्याला पसंत पडली नाहीत. लूमवालीने घासाघीस केली, तो हसला, चहा पाजला, व्यवहार झाला. त्या सहा तिने खांद्यावरच्या थैलीत कोंबल्या. गाठोडं त्याच्या पोऱ्याने जसंच्या तसं उचलून आत नेलं. दोरीसकट. त्या वेळी चौघींपैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही.

मग जीप ठरवली. चालवणारे काका पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. आधी त्यांना बँकेच्या गावी न्यायला सांगितलं. शाखा बंद होती, सुट्टी. एक बैठी इमारत, पुढे कडुनिंब, कडुनिंबाखाली बाक, बाकावर झोपलेलं कुत्रं. बँकवालीने खिडकीच्या गजांतून आत डोकावून पाहिलं.

"काउंटर एकच आहे," ती म्हणाली.

"मग बरं, भांडायला कुणी नाही," मास्तरीण म्हणाली.

"रात्री इथे काय ऐकू येत असेल गं?"

"काही नाही," लूमवाली म्हणाली. "तेच तर वाईट."

बँकवालीने दाराचं कुलूप हातात घेऊन पाहिलं, ओढून पाहिलं, सोडलं. आम्ही चहा प्यायलो. टपरीवाल्याला तिने पाण्याचं विचारलं, भाड्याच्या खोल्यांचं विचारलं. उत्तरं चांगली होती. तरी जीपमध्ये बसताना ती मला हळूच म्हणाली, "नाही म्हणून टाकते गं. मला नाही जमणार. उगाच तुम्हाला एवढं लांब आणलं."

"सोमवार लांब आहे," मी म्हटलं. "आधी घळ बघू."

घळ दिसतच नाही आधी. सपाट माळ, बाभळी, खुरटी झुडपं, धूळ. काकांनी जीप थांबवली तेव्हा मास्तरीण म्हणाली, "इथे काय आहे?" काकांनी बोट दाखवलं. पन्नासेक पावलांवर जमीन संपत होती. काठाशी जाऊन आम्ही खाली पाहिलं.

खाली नदीने माळ चिरला होता. तांबडे, पिवळे, पांढरे, राखाडी खडक एकावर एक थर लावल्यासारखे. लूमवाली म्हणाली, "ताके रचलेत बघ." बाजारात दुकानादुकानांत कापडाचे ताके एकावर एक रचलेले असतात, कडा बाहेर, अगदी तसं. मधून हिरवट पाणी, कुठे वितभर, कुठे काळं खोल. कडेला पांढरी वाळू. वर नोव्हेंबरचं ऊन होतं आणि खाली सावली.

पहिल्या टप्प्यापर्यंत आम्ही सोप्या उताराने, बसत-घसरत गेलो. लूमवाली साडीत आणि पायात मुलाचे बूट, आम्ही तिघी सलवार-कमीजमध्ये. तो एक रुंद कट्टा होता. तिथून डोहाकाठची वाळू दीड पुरुषभर खाली, आणि मधली भिंत पाण्याने घासून तुळतुळीत झालेली. आता दोरी लागणार होती.

मी पिशवी उघडली. दोरी नाही. मी लूमवालीकडे पाहिलं. लूमवालीने माझ्याकडे पाहिलं.

"भूजला," ती म्हणाली.

"दुकानात," मी म्हटलं.

मास्तरीण खडकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली.

पण लूमवाली अशी हटणारी नव्हती. तिने थैली उपडी केली. "या सहा आहेत ना. आमच्या साडीचा धागा तुटला तर मला सांग. हत्ती बांधला तरी तुटायची नाही." एक साडी एका मोठ्या दगडाला वेढे देऊन बांधली. ती आखूड पडली म्हणून तिला दुसरी जोडली. गाठ लूमवालीची, तिच्या रोजच्या सवयीची. लूमवर ताण्याचा धागा तुटला की चुटकीसरशी मारतात ती. तिच्या बोटांना ती गाठ झोपेतही येते. आम्ही तिघींनी ओढून पाहिली. पक्की वाटली.

काका वरून, काठावरून बघत होते. "बेन, साडी पहेरवानी होय, लटकवानी नहीं," ते ओरडले. आम्ही हसलो. सुरतच्या साडीवर आमचा विश्वास होता.

पहिली कोण? चौघींत हलकी बँकवाली. मला वाटलं, ती नकोच म्हणेल. पण तिने ओढणी कमरेला खोचली, चष्मा कानांवर घट्ट केला आणि विचारलं, "तुम्ही तिघी वरून धरणार ना?"

"धरणार."

"मग झालं."

ती भिंतीला पाय लावून खाली सरकत गेली. अर्धी वाट छान गेली. मग माझ्या डोळ्यांसमोर ती गाठ हसल्यासारखी सैल झाली. तुटली नाही, फाटली नाही. सुळकन सुटली. खाली धप्प आवाज आला.

"लागलं का?" आम्ही एकदम ओरडलो. घळीने तेच वाक्य चार वेळा परत केलं.

ती वाळूत बसली होती, मांडीवर केशरी फुलांची साडी. उरलेलं अंतर जेमतेम दोन हात होतं आणि वाळू मऊ होती. तिने हात हलवला, पाय हलवला, चष्मा चाचपला. सगळं जागेवर होतं.

"धाग्याची गाठ सबंध साडीला कशी बसेल?" मास्तरीण लूमवालीवर उखडली. "तेही असल्या गुळगुळीत कापडाला!"

"गाठ सुटनी, साडी फाटनी का? नही ना!" लूमवालीने कमरेवर हात ठेवले. "माझ्या मालाला नाव ठेवायचं नाही."

दुसरी साडी बांधून तिला वर घेऊ, असं लूमवाली म्हणाली. मास्तरणीने तिच्या हातातून साडी काढून घेतली. "यावर आता मी मांजरसुद्धा सोडणार नाही." काकांना मी हाक मारून सांगितलं की गावातून दोरी आणा आणि एखाद-दोन माणसं आणा. ते मान हलवत जीपकडे गेले.

आता थांबायचं. थांबताना काय करायचं याची मी मनात क्रमवारी लावली: तिला पाणी, तिला खाणं, तिला धीर. पाण्याची बाटली आणि लाडवांचा डबा एका साडीला बांधून खाली सोडला. या वेळी गाठ मी मारली. डबा व्यवस्थित पोचला; साडी तिने डब्यासकट ओढून घेतली.

"बघ! गेला ना डबा नीट!" लूमवाली म्हणाली.

"डब्याला नवरा नाही जाब विचारायला," मास्तरीण म्हणाली.

धीर देणं मात्र जमेना. आम्ही ओरडलो की घळ ओरडायची, आणि शब्दांचा चुराडा व्हायचा. बँकवाली खालून काही बोलली तर नुसता हुंकार वर यायचा. मग लूमवाली कट्ट्याच्या टोकाशी पोटावर पडून खाली निरखू लागली. लूमच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात.

"काय म्हणते?"

"लाडू कडक झालेत म्हणते."

"खोटं!" लाडू माझे होते.

"तिचे ओठ दिसतात मला. कडकच म्हणाली."

थोड्या वेळाने बँकवाली उठली. तिने घळीच्या वळणाकडे हात केला, मग स्वतःकडे, मग काही बोलली.

"आता काय?"

"ती म्हनस, तुम्ही बठा, मी जास."

"मी जाते? कुठे जाते?" मास्तरीण म्हणाली. "तू चुकलीस. पाणी संपलं म्हणत असेल. ती कुठे जाणार? ती एकटी दूध आणायला जात नाही."

आम्ही तिघींनी दोन्ही हातांनी 'बस, बस' अशा खुणा केल्या. बँकवालीने त्या पाहिल्या. दोन्ही साड्या तिने गुंडाळून खांद्यावर टाकल्या, डबा काखेत मारला आणि ती वळणाआड गेली.

पुढचा वेळ मला आवडत नाही आठवायला. आम्ही हाका मारल्या. घळीने आमच्याच हाका आमच्यावर फेकल्या. खोल डोह होते, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिला पोहता येत नाही हेही. लूमवालीने स्वतःची ती गाठ पुन्हा बांधली, ओढली, ती पुन्हा सुटली, पुन्हा बांधली. मास्तरीण म्हणाली, "मी उडी मारते," आणि मी तिचं मनगट धरून ठेवलं. माझ्या डोक्यात एकच: या बाईला मी रिंग रोड ओलांडून देते, आणि इथे मी तिला सोडलं. तिच्या नवऱ्याला काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्यसुद्धा मला सुचेना.

शेवटी आम्ही वर, काठावर चढलो, की तिथून वळणापलीकडचं दिसेल. काठाशी तिघी ओळीने उभ्या राहून खाली बघत होतो, आणि मागून आवाज आला.

"कुणाला शोधताय गं?"

बँकवाली आमच्या मागे माळावर उभी होती. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, सगळ्या अंगाला कुसळं, खांद्यावर केशरी फुलं. लूमवालीने तिला मिठी मारली आणि पाठोपाठ एक धपाटा घातला.

"कशी आलीस?"

"चालत," ती म्हणाली. "वाळूत बकऱ्यांच्या लेंड्या होत्या. म्हटलं, बकरी काही भिंत चढून येत नाही. तिची वाट असणारच. लेंड्या बघत बघत गेले."

"आणि पाणी?"

"एका ठिकाणी दोन्ही भिंती अगदी जवळ येतात. मधे पाणी, आणि अंधार. तिथे उभी राहिले खूप वेळ." तिने चष्मा काढून ओढणीने पुसला. "परत फिरावं वाटलं. मग म्हटलं, परत जाऊन काय, तुम्ही तिघी वरून हातवारेच करणार. काठी घेतली, पुढे टेकवत टेकवत गेले. गुडघाभरच होतं." मग, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "एकदाही कुणाला विचारलं नाही गं. विचारायला कुणी नव्हतंच."

नंतर ती म्हणाली, "लाडू कडक झालेत तुझे." लूमवालीने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं.

एवढ्यात काका जीप घेऊन आले. बरोबर दोन माणसं आणि चांगली लांब दोरी. बँकवालीला माळावर थर्मासमधला चहा पिताना पाहून काकांनी कपाळाला हात लावला आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. आलेल्या माणसांना आम्ही चकल्या आणि घारी दिली, इतकी की त्यांनी दोरी खाली ठेवून उपरण्यात बांधून घेतली.

मग तीच आम्हाला खाली घेऊन गेली, बकऱ्यांच्या वाटेने. पुढे ती, मागे आम्ही. अंधाऱ्या जागी तिने मागे हात केला आणि म्हणाली, "धरा." मी तिचा दंड धरला. पाणी गार होतं, पायाखाली गोटे सरकत होते, वर आभाळाची एक निळी पट्टी. पलीकडे गेलो तर तोच डोह, तीच वाळू, आणि वर, आमचा कट्टा. खालून तो फारच उंच दिसत होता. मास्तरीण डोहाकाठी पाय सोडून बसली आणि थर मोजायला लागली. लूमवालीने उरलेल्या साड्या पाण्यात बुडवून खडकावर पसरल्या, माल कसा वाळतो ते दाखवायला. तांबड्या-पिवळ्या खडकांवर ती केशरी फुलं इतकी शोभली की मास्तरीणसुद्धा म्हणाली, "दुकानदार मूर्ख होता." दुपारभर आम्ही तिथेच. एवढ्या वर्षांत चौघी मिळून इतका वेळ काही न करता कधी बसलो नव्हतो. मी यादीसुद्धा काढली नाही.

परतीच्या गाडीत, वडोदरा गेल्यावर, बँकवाली खिडकीशी बसली होती. सोमवार जवळ आला होता आणि कुणीच विषय काढत नव्हतं. लूमवालीसुद्धा, जिला पोटात काही ठेवता येत नाही.

"वही आहे का गं?" बँकवालीने मला विचारलं.

माझ्याकडे वही नाही असं कधी होत नाही.

"लिही. एका माणसाच्या घराला काय काय लागतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. मास्तरणीने चिवडा खायचा थांबवला.

"एका माणसाच्या?" मी विचारलं.

"एकाच. पातेली किती लागतात? दोन पुरतील ना? एक चहाला, एक बाकीच्याला. इतकी वर्षं सहा-सहा माणसांचं केलं, एकाचं किती लागतं ते मला माहीतच नाही."

"तीन घे," लूमवाली म्हणाली. "आम्ही येऊ ना अधूनमधून. साड्या घेऊन."

"आधी पहिलं लिही," बँकवाली म्हणाली. "दोरी. सुती."

ती यादी मी पहिल्यांदाच सरळ लिहिली, सुरुवातीपासून. शेवट काय असेल ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

सुरतेच्या फलाटावर तिचे यजमान न्यायला आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात स्कूटरची किल्ली. "झालं फिरून?" त्यांनी विचारलं आणि तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

तिने पिशवी दिली नाही. म्हणजे हिसकावली वगैरे नाही, नुसती धरून ठेवली. "मी हो लिहून देणार आहे," ती म्हणाली. "कच्छचं."

आम्ही तिघींनी एकदम सामान मोजायला घेतलं. चार थैल्या पुन्हा पुन्हा मोजल्या. फलाटावर चहावाला ओरडत गेला, हमाल ओरडत गेले. ते किल्लीशी चाळा करत उभे राहिले. मला वाटलं, आता ते दोन शब्द येणार, तुझी इच्छा, आणि ही विरघळणार. ती विरघळली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"एकटी?" ते म्हणाले.

"एकटीच. तुमची नोकरी इथे आहे ना."

"अंधारात तू..."

"अंधारातून चालत आले मी," ती म्हणाली. "यांना विचारा. या तिघी वर होत्या."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. तिच्या खांद्यावर अजून ती केशरी फुलांची साडी होती, धुळीने माखलेली. तिच्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"वहिनी, यादी तुम्हीच केली असणार."

"हो, भाऊजी."

"माठ लिहिलात? उन्हाळ्यात तिकडचं पाणी चहासारखं होतं म्हणतात. इथून नेला तर फुटेल. तिथेच घ्यावा लागेल, मी जाईन पोचवायला तेव्हा." आणि मग, जरा खाकरून, "पोचवून परत येईन. राहणार नाही."

माठ लिहिलेला नव्हता. मी तिथेच, फलाटावर, थैलीवर वही टेकवून लिहिला.